पलकच्या नावावर

बुऱ्हाणपुरात इतवाऱ्याच्या मागच्या त्या गल्लीत अकरा घरांतून पॉवरलूम चालत. बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे, आणि तान्ही लेकरं दुपारची झोपवता झोपवता आयांच्या नाकी नऊ येत. कोकिळाची जागृती तेवढी निराळी. लूम खडखडत असोत, दारात कुणाचं भांडण पेटलेलं असो, ती आपली झोळीत गाढ. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "पोरगी मोठी गुणाची आहे गं तुझी." कोकिळा वरवर नजर लागू नये म्हणून थू थू करायची आणि मनातून फुलून जायची. दोन वर्षं तिनं तो अभिमान मिरवला.

मग एका उन्हाळ्यात डीपी जळाली आणि गल्लीतली वीज दोन दिवस गेली. सगळे लूम गप्प झाले. इतकी शांतता की नळाचा थेंब ऐकू यावा. त्या शांततेत कोकिळाच्या हातून स्टीलचं पातेलं फरशीवर पडलं. शेजारची म्हातारी दचकली, उंबऱ्याशी झोपलेलं कुत्रं उठून पळालं. जागू पाठमोरी बसून चिंध्यांशी खेळत होती. तिनं मानसुद्धा वळवली नाही. कोकिळानं पातेलं उचललं आणि मुद्दाम पुन्हा टाकलं. मग तिसऱ्यांदा.

त्या दिवसापासून कोकिळाला एका जागी बसवेना.

घरच्यांनी धीर दिला. काही लेकरं उशिरा बोलतात. गिरधरचा चुलत भाऊ पाच वर्षांचा झाल्यावर बोलला होता. तेल घालून पाहिलं, नवस बोलून झाले. यात दोन वर्षं निघून गेली. शेवटी अंगणवाडीतल्या सुलभाताईंनीच कोकिळाला हाताला धरून सरकारी दवाखान्यातल्या कान तपासायच्या खोलीत नेलं. तिथल्या मंगला मॅडम शनवारा भागातल्या, मराठीच. त्यांनी जागूला औषध देऊन झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या, बराच वेळ मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हिला बाहेरून लावायच्या मशीननं भागणार नाही. कानाच्या आत ऑपरेशन करून मशीन बसवावं लागेल. मग ऐकेल. ऐकायला लागली की बोलेल."

"नक्की?" गिरधरनं विचारलं.

"मेहनत घेतली तर. ऑपरेशन सरकार करतं, आपल्याला काही लागत नाही. पण पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत मंजुरी मिळायला पाहिजे. जन्मतारीख काय हिची?"

"एकोणीस डिसेंबर," कोकिळा म्हणाली.

बाहेर जूनचं ऊन होतं. मंगला मॅडमनी बोटं मोजली. "सहा महिने आहेत. पुष्कळ झाले. समग्र आयडी आहे ना तुमची?"

गिरधरनं कोकिळाकडे पाहिलं, कोकिळानं जमिनीकडे.

समग्र आयडी म्हणजे इथल्या राज्यानं प्रत्येक कुटुंबाला दिलेला नंबर. तो असला तर माणूस इथला. नसला तर तुम्ही इथं नऊ वर्षं राहा नाहीतर नव्वद, इलाजाच्या यादीत तुमचं नाव चढत नाही. गिरधर आणि कोकिळा रावेर तालुक्यातल्या खेड्यातून आलेले. बसनं तासाभराचं अंतर, तीच केळी, तीच तापी, बोलीही तीच. पण मध्ये राज्याची हद्द. गिरधर आधी आला, मोठा भाऊ नंदकुमार याच्या ओळखीनं लूमवर लागला. लग्नानंतर कोकिळा आली आणि घरबसल्या लूमसाठी सुताच्या कांड्या भरू लागली. नंबर काढायला हवा हे त्यांना माहीत होतं. पण कामाचा दिवस कोण मोडणार, म्हणून राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी कोकिळा वॉर्डाच्या ऑफिसात गेली. खिडकीत श्रीकांतबाबू होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यापुढची रांग कधी संपत नसे.

"किराये से रहते हो? मकान मालिक का कागज लाओ," ते म्हणाले. "किरायानामा. और जहाँ से आए हो वहाँ नाम नहीं है, ये भी लिखवाके लाओ. एक आदमी दो राज्य में थोड़ी रहेगा, बाई."

घरमालकीण म्हणजे गोदाबाई. वरच्या मजल्यावर एकटीच राहायची. मुलगा सुरतेला. कोकिळाच्या बाळंतपणानंतर सव्वा महिना तिनंच जागूला न्हाऊ घातलं होतं. संध्याकाळी कोकिळा वर गेली, पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं. जागूचं ऐकून गोदाबाईचे डोळे भरून आले. पण कागदाचं नाव निघताच तिनं पदर सावरला.

"कोकिळा, तू मला कायपण माग. कागद मागू नको."

"गोदाकाकू, घर नाही मागू राह्यली मी. नुसतं लिहून द्यायचं, की आम्ही इथं राहतो."

"तेच तर. माझ्या भावानं असंच लिहून दिलं होतं. आज त्याच्या खोलीत भाडेकरूची सून नांदू राह्यली अन् भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढतो. माझ्या पोरानं निक्षून सांगितलं आहे, आई, सही कुठंच करायची नाही."

कोकिळा त्या आठवड्यात तीनदा वर गेली. तिसऱ्यांदा गोदाबाईनं दारच उघडलं नाही. आतून नुसती खोकली.

मग इथलं नाही तर तिकडचं, म्हणून कोकिळा जागूला घेऊन रावेरच्या बसमध्ये बसली. गावच्या रेशनकार्डावर आपली नावं आहेत, तिकडूनच इलाज करू. गिरधर म्हणाला होता, "जा, पाहून तरी ये." रेशन दुकानदारानं त्यांच्या कार्डाचा नंबर मशीनमध्ये घातला आणि मान हलवली. सासऱ्यांचं एकट्याचं नाव शिल्लक होतं.

"तुमची नावं दोन वर्षांमागंच कमी झाली, वहिनी. धान्य घ्यायला कुणी अंगठा द्यायला येईना. चौकशीला माणूस आला, तर लोकांनी सांगितलं, बुऱ्हाणपूरला राहतात."

"राहतो. पण आहोत तर इथलेच ना?"

"इथले असता तर इथं राहिला असता ना," तो म्हणाला. त्यात कुचकेपणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

परतीच्या बसमध्ये जागू खिडकीला नाक लावून बसली होती. केळीच्या बागा मागं पळत होत्या. हद्दीची पाटी आली आणि गेली. कोकिळाला वाटलं, आत्ता या क्षणी बस बंद पडली तर आपण कुणाच्या? ती सारखी पिशवीतले कागद काढायची, उलटसुलट करायची, परत ठेवायची. शेजारच्या बाईनं शेवटी विचारलं, "काय हरवलं का बहिणी?"

जुलै गेला. ऑगस्ट लागला. कांडी भरता भरता कोकिळाचा धागा तुटायचा, जो नऊ वर्षांत कधी तुटला नव्हता. भाजी खारट व्हायची. झाडू मारायला घेतला की अर्धी खोली झाडून ती दारात उभी राहायची, कशाला उठलो तेच विसरायची. जागूला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. ती आईचा पदर ओढायची आणि बोटानं दाखवायची, पाणी, बिस्कीट, मांजर.

राखीच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या जाऊबाई, मालतीताई, घरी आल्या. नंदकुमारभाऊ अठरा वर्षांपासून बुऱ्हाणपुरात. त्यांचं स्वतःचं घर, समग्रही होतं, इलाजाचं कार्डही. त्यांची धाकटी पलक जागूहून तीन महिन्यांनी लहान. मालतीताईंनी चहा तसाच ठेवला, पिशवीतून एक कार्ड काढलं आणि कोकिळाच्या मांडीवर ठेवलं.

"पलकचं आहे. हिचं ऑपरेशन पलकच्या नावावर करून घ्या."

कोकिळाला समजायला वेळ लागला.

"खंडव्याला कॅम्प आहे पुढच्या महिन्यात," मालतीताई सांगू लागल्या. "इंदूरचे डॉक्टर येतात. तिथं आपल्याला कोण ओळखतं? फोटो पलकच्या तान्हेपणीचा. दोघी बहिणीच, तोंडावळा एक. हे तर लगेच हो म्हणाले."

"अन् पलकचं काय, ताई? सरकारी कागदात ती बहिरी होईल. उद्या शाळेत..."

"उद्याचं उद्या पाहू. आधी पोरीला ऐकू तर येऊ दे." मालतीताईंचा आवाज जरा वरच गेला. "तू माझी बहीण असती तर मी केलं नसतं का?"

गिरधर दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा उजेड आला. तो म्हणाला, "वहिनी, तुमचे उपकार..." आणि वाकून त्यांच्या पाया पडला. रात्री तो कोकिळाला म्हणाला, "हे पाप नाही. आपण कुणाचं हिसकावू नाही राह्यलो. जागूला काय, कुठल्याही नावानं हाक मारा. तिला तिचं नाव तरी कुठं माहीत आहे?"

खरं होतं ते. पाच वर्षांत एकदासुद्धा त्या लेकराच्या कानावर तिचं नाव पडलं नव्हतं.

कोकिळानं होकार दिला.

भीती होती ती तिला स्वतःचीच. ऐन वेळी तोंडातून जागू निघालं तर? म्हणून ती सवय करू लागली. पोळ्या लाटताना पुटपुटायची, पलक, पलक. एका दुपारी तिनं जागूला समोर बसवलं, तिचे केस विंचरले, आणि तिच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, "पलक."

जागू आईच्या ओठांकडे पाहू लागली. कोकिळानं पुन्हा म्हटलं. जागूनं हात पुढं करून आईच्या ओठांना बोट लावलं. मग स्वतःचे ओठ घट्ट मिटले आणि फट्कन उघडले. आवाज नाही, नुसती हवा. प. तिला त्याची एवढी मौज वाटली की ती खुदकन हसली आणि पुन्हा पुन्हा तेच करू लागली. ओठ मिटायचे, उघडायचे. प. प. आरशासमोर गेली, तिथं केलं. मांजरासमोर बसून केलं.

कोकिळाचे हात कंगव्यासकट थांबले. जागृती म्हणताना ओठांवर काही दिसतच नाही, सगळं आतल्या आत होतं. म्हणून ते नाव पोरीला कधी दिसलं नव्हतं. पलक दिसलं. तिच्या लेकीनं जन्मात पहिल्यांदा कुणाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला होता, आणि ते दुसरीचं होतं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होती? कानांपुढं ओठांचं कौतुक काय करायचं?

कॅम्पच्या दिवशी तिघं सकाळच्या गाडीनं खंडव्याला गेले. मोठा मांडव, खुर्च्या, कडेवर लेकरं घेतलेल्या आया. पहिल्या टेबलावरच्या मुलीनं कार्ड पाहिलं, जागूकडे पाहिलं, आणि वहीत लिहिलं. "पलक. पिता नंदकुमार. ठीक?" गिरधर म्हणाला, "जी." त्याचा आवाज फाटला, पण गर्दीत कुणाला कळलं नाही. मुलीनं जागूच्या मनगटाला कागदाची पट्टी बांधली. त्यावर निळ्या शाईत पलक.

पुढं पालकांना बसवून एक बाई समजावून सांगत होत्या. बोलायला शिकवणाऱ्या होत्या त्या. हिंदीत सांगत होत्या, पण एकेक शब्द कोकिळाला कळत होता. ऑपरेशन म्हणजे अर्धंच काम. मशीन चालू केल्यावर दोन वर्षं शिकवावं लागतं. आठवड्यातून दोनदा आमच्याकडे, रोज घरी. "और सबसे पहले क्या सिखाएँगे? उसका नाम. बच्चा सबसे पहले अपना नाम पकड़ता है. पीछे से बुलाइए. हजार बार बुलाइए. जिस दिन वो पलटा, समझो दुनिया से जुड़ गया."

मग त्या समोरच्या ओळीतल्या लेकरांच्या पट्ट्या वाचत, एकेकाच्या हनुवटीला हात लावत पुढं आल्या. जागूसमोर वाकल्या. "पलक!" त्या म्हणाल्या, चांगलं तोंड भरून. "पलक बेटा!"

जागूनं त्यांच्या ओठांकडे पाहिलं, चेहरा उजळला, आणि तिनं ओठ मिटून उघडले. प.

"अरे वा!" बाई आनंदल्या. "देखो, कितनी होशियार है! अपना नाम जानती है."

कोकिळा उठली. आपण काय करतो आहोत हे तिला कळायच्या आत तिचे हात जागूच्या मनगटाशी गेले होते. पट्टी चिवट होती, तुटेना. तिनं दातांनी तोडली.

"ये इसका नाम नहीं है," ती म्हणाली. मांडवात तिला स्वतःचाच आवाज फार मोठा वाटला. "मॅडम, माफ करो. इसका नाम जागृती है."

गिरधरनं जागूला कडेवर घेतलं आणि कोकिळाचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. मागून कुणी आलं नाही. बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी तो उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

"काय केलंस हे?"

तिनं तुटलेली पट्टी मुठीत चुरगळली.

"अगं, आत गेलो होतो आपण! यादीत चढलो होतो! नाव नंतर बदललं असतं, मोठी झाल्यावर बदललं असतं. लोक बदलत नाहीत का?"

"दोन वर्षं तिला पलक म्हणून शिकवतील. मीसुद्धा पलक म्हणीन. मग ती पलकच होईल. अन् पलक समोर आली की? दोघी पोरी एका घरात..."

"तुझ्या नावापायी पोरगी बहिरी राहील," गिरधर म्हणाला. एवढंच. परतीच्या गाडीत तो दुसऱ्या डब्यात जाऊन बसला.

मालतीताईंना कळलं तेव्हा त्यांनी निरोपानं कार्ड परत मागवलं. स्वतः आल्या नाहीत. लूमवर नंदकुमारभाऊ गिरधरशी कामापुरतं बोलू लागले. आणि कोकिळाला तर स्वतःचीच खात्री राहिली नव्हती. पहाटे तिला जाग यायची, शेजारी जागूचा श्वास ऐकू यायचा, आणि वाटायचं, आपण लेकीचे कान एका शब्दासाठी मोडले. तिला कुणी तेव्हा विचारलं असतं, पुन्हा तशीच पट्टी तोडशील का, तर तिला हो म्हणता आलं नसतं.

पण आता मागं जायला वाट नव्हती. सप्टेंबर अर्धा संपला होता. कोकिळा पुन्हा रावेरला गेली आणि रेशन दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, तुम्ही आमचं नाव कमी केलं ना, ते मला लिहून द्या."

"लिहून? लोक नाव चढवायला भांडतात, वहिनी. तुम्ही पहिल्याच."

"तुम्ही म्हणाला ना, मी इथली नाही. तर तसं साहेबाच्या शिक्क्यानिशी द्या. मी तिथं दाखवीन."

तालुक्याला दोन फेऱ्या झाल्या, पण दाखला मिळाला. जो कागद पाहून जूनमध्ये ती रडली असती, तो तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून आणला.

उरली गोदाबाई. या खेपेला कोकिळा पायरीवर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "काकू, मी कागद मागायला नाही आली. तुम्ही माझ्यासोबत ऑफिसात चला. तिथल्या बाबूला तुम्हीच विचारा, त्या कागदानं घर जातं का. तो म्हणाला जातं, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

गोदाबाई नवरा गेल्यापासून देवळापलीकडे कुठं गेली नव्हती. ऑफिसात जायचं म्हणून तिनं इरकली लुगडं काढलं. रिक्षात घट्ट दांडा धरून बसली. खिडकीपाशी श्रीकांतबाबूंनी नेहमीसारखं "नंबर से आओ" म्हटलं, तर ती ठसक्यात म्हणाली, "मी मालकीण आहे. मला विचारायचं आहे."

रांग बाजूला सरकली. गोदाबाईनं भावाची सगळी हकिकत सांगितली, कोर्टाच्या तारखांसकट. श्रीकांतबाबू ऐकत राहिले. मग खुर्ची पुढं ओढून, जमेल तसं मराठीत बोलू लागले. "आजी, तुमच्या भावाने पक्का कागज बनवला नाही, नुसतं लिहून दिलं, म्हणून तो फसला. ह्या कागजात लिहितात, मालक कोण, भाडेकरू कोण. अकरा महिन्याचा. उद्या ती म्हणाली घर माझं, तर हाच कागज तुम्ही दाखवणार. समजलं?"

"म्हणजे त्यात लिहिणार, की घर गोदाबाईचं?"

"सबसे ऊपर."

गोदाबाईनं खिडकीच्या कडेला हात टेकला. मग म्हणाली, "घरपट्टी माझ्या नावावर येते, पण पोरगा सगळीकडे स्वतःचंच नाव सांगतो." बाहेर झाडाखाली टायपिंगवाला होता. त्यानं किरायानामा वाचून दाखवला, तर तिनं पहिली ओळ त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली. सुरतेहून फोन आला तेव्हा कोकिळा तिथंच होती. मुलाचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. गोदाबाई म्हणाली, "मी अजून मेली नाही, रे," आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

एवढं करून अर्ज एकदा परत आलाच. जन्माच्या दाखल्यावर जागृती, दीर्घ. आधारवर जागृति, ऱ्हस्व. इकडची लिहिण्याची रीत वेगळी, तिकडची वेगळी. एका वेलांटीपायी पंधरा दिवस गेले. कोकिळा रोज खिडकीशी जाऊन उभी राहायची. काही मागायची नाही, नुसती उभी. श्रीकांतबाबू वैतागून म्हणायचे, "बाई, घर जाओ, आएगा." ती हलायची नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी खिडकीतूनच हात वर केला आणि एक कागद बाहेर सरकवला. तिघांची नावं, तीन नंबर.

मंगला मॅडमनी त्याच दिवशी फाईल पाठवली. मंजुरी आली ती अकरा डिसेंबरला.

मंजुरीचा कागद घ्यायला कोकिळा गेली तेव्हा बाकावर एक म्हातारी नातवाला घेऊन बसली होती. भागाबाई. केळीच्या बागेत काम करणारं कुटुंब, सुनेच्या मागं नातू तिच्याकडेच. त्यांचा नंबर ऑक्टोबरात झाला होता, पोराला सप्टेंबरात पाच पुरी झाली होती. मंगला मॅडम तिला समजावत होत्या, की बाहेरचं मशीन देऊ, त्यानं थोडं तरी ऐकेल, आणि वयाच्या अटीत सूट मिळावी म्हणून वर अर्ज करू. भागाबाई ऐकत होती आणि कोकिळाच्या हातातल्या कागदाकडे पाहत होती. "तुझं झालं का, माय?" तिनं विचारलं. कोकिळाला हो म्हणताना लाज वाटली. ती बाकावर तिच्याशेजारी बसली. घरी जायची घाई होती, आणि उठवत नव्हतं.

जानेवारीत इंदूरला ऑपरेशन झालं. गिरधर चार दिवस दवाखान्याच्या जिन्यात झोपला. महिन्यानं मशीन चालू केलं, तेव्हा आयाबाया म्हणतात तसं काही झालं नाही. जागू हसली नाही. तिनं किंचाळून कानावरचं यंत्र ओढून काढलं आणि आईच्या पोटात डोकं खुपसून थरथर कापत राहिली. इतकी वर्षं शांत असलेलं जग तिच्या अंगावर धावून आलं होतं. दीड महिना रोज तेच. यंत्र लावायचं, तिनं ओढायचं. कोकिळा पाठीमागून जागू, जागू म्हणून घसा बसवायची. पोरगी वळायची नाही. गिरधर काही बोलत नसे, पण त्याच्या गप्प बसण्यातून कोकिळाला खंडव्याचं ते वाक्य ऐकू यायचं.

एप्रिलच्या एका सकाळी जागू पायरीवर बसून केळ खात होती. गिरधर कामावर निघाला होता. चप्पल घालताना त्यानं सहज, कसल्याही आशेशिवाय, म्हटलं, "जागू, येतो गं." तिनं केळ तोंडात तसंच ठेवून मागं पाहिलं. गिरधर तिथंच एका पायात चप्पल घालून उभा राहिला. त्या दिवशी तो कामावर गेला नाही. दिवसभर तो तिच्या मागं मागं हिंडून हाका मारत होता, आणि संध्याकाळी जागूनं कंटाळून यंत्र काढून ठेवलं.

मालतीताई आल्या त्या अक्षय्य तृतीयेला. पुरणाच्या पोळ्या झाकून आणल्या होत्या. आठ महिन्यांनी त्यांनी या घरात पाऊल टाकलं होतं. पलक आणि जागू खेळायला गेल्या. दोघी जावा काही वेळ पोळ्यांबद्दलच बोलत बसल्या. मग मालतीताई एकदम म्हणाल्या, "कोकिळा, तुला एक सांगू? ते कार्ड मी तुझ्या मांडीवर ठेवलं ना, त्या दिवसापासून माझी झोप उडाली होती. सारखं वाटायचं, माझ्या पोरीला मी कागदात बहिरी करू राह्यली. तिला ताप आला तरी छातीत धस्स व्हायचं. पण शब्द दिला होता. मनात एकच, की हिनंच नको म्हणावं. देवा, हिनंच नको म्हणावं."

"मग रागावला कशाला?"

"तू नको म्हणाली ना," मालतीताई म्हणाल्या, आणि पदरानं नाक पुसत हसल्या. "माझं मन तुझ्यापुढं उघडं पडलं असं वाटलं. अन् एवढं द्यायला निघाले होते, ते कुणी घेतलंच नाही."

कोकिळानं त्यांच्या ताटात दूध ओतलं. तिला सांगावंसं वाटलं, की तुमचं मन मला कुठं दिसलं होतं, मला माझंच दिसत नव्हतं. पण बाहेरून भागाबाईची हाक आली. तिला आज नातवाच्या अर्जाचं विचारायला श्रीकांतबाबूंकडे जायचं होतं, आणि एकटीनं जायची भीती वाटत होती. कोकिळा उठली, पिशवी घेतली.

"ताई, तुम्ही जेवा. मी तासाभरात आलेच," ती म्हणाली, आणि चप्पल पायात सरकवता सरकवता पायरी उतरून गेली.